बुधाजींचा पाऊस

मे महिन्यात शीवच्या तलावाकाठी निजायला जाणं ही पत्र्याच्या चाळीची एवढीच काय ती चैन. खोल्या दिवसभर तापायच्या आणि मध्यरात्र उलटली तरी निवायच्या नाहीत. जेवणं आटोपली की चटया, वाकळा, पाण्याचे तांबे घेऊन सगळी चाळ काठावर यायची. पलीकडच्या बाजूला कठडा होता, चाळीच्या बाजूला नव्हता. जमीन संपली की पाणीच.

बुधाजी मात्र आडवे व्हायचे नाहीत. परळच्या गिरणीत पाळी करून आलेला हा माणूस चटईवर मांडी घालून तुर्भ्याच्या टेकड्यांकडे बघत बसायचा. वळवाचा पाऊस तिकडून यायचा. तिथे वीज लकाकली आणि पाण्यावरची झुळूक थांबली, की बुधाजी उभे राहून ओरडायचे, "उठा रे, आलं! मुलं उचला!"

चाळ कुरकुरत उठायची, वळकट्या बगलेत मारून खोल्यांकडे चालू लागायची. आणि बहुतेक वेळा पाऊस ठाण्याकडे निघून जायचा.

एकोणसाठ सालच्या मे महिन्यातल्या त्या रात्रीही तेच झालं. शेजारचा शामराव शिवाजी पार्कवरच्या सभेहून उशिरा आला होता. त्याचा नुकता कुठे डोळा लागला होता.

"दादा, लाव पैज," तो डोळे चोळत बुधाजींना म्हणाला. "आधी संयुक्त महाराष्ट्र येतोय, का तुझा पाऊस?"

"मी महाराष्ट्रावर लावते," अंधारातून शेजारच्या गंगुबाईंचा आवाज आला. "पाऊस कुठला यायला? तो दादाच्या सासुरवाडीला मुक्कामाला गेला. ठाण्याला!"

"माझ्या माहेराला मधे आणू नका हं," बुधाजींची बायको कौसल्या म्हणाली.

सगळा काठ हसला. बुधाजीही हसले. त्यांची एकुलती एक लेक कांता हसली नाही. दादरच्या एका ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली ती दिवसभर बसायची. घरीही तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. वाकळ गुंडाळताना तिने एवढंच विचारलं, "आबा, कशाला उठवता लोकांना?"

"पावसानं उठवलेला माणूस अंधारात पळतो, पोरी. दार कुठे नि पाणी कुठे, त्याला कळत नाही. आधी उठवला, तर तो चालत जातो."

सकाळी डब्यातली चटणी चाखून 'आज तिखटाला हात सैल सुटलाय वाटतं' असं बायकोला म्हणत ते पाळीला गेले. दुपारी गिरणीतून माणूस आला. खात्यात चालता चालता छातीत कळ आली आणि बुधाजी कोसळले होते. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चाळीने काही कमी पडू दिलं नाही. शामरावने खांदा दिला. गंगुबाईंनी कांताच्या घरी चूल पेटू दिली नाही, भात त्यांच्याकडूनच यायचा. बुद्धवंदनेला माणसं खोलीत मावली नाहीत. जो तो म्हणाला, भला माणूस गेला. कांताने ऐकून घेतलं.

पुढच्या मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. चाळीने पणत्या लावल्या, पेढे वाटले. त्याच आठवड्यात चटया पुन्हा काठावर आल्या. रात्री कधीतरी कांताला जाग आली. सगळा काठ गाढ झोपला होता. जागं कुणीही नव्हतं. गार लागतं म्हणून माणसं पाण्याकडे सरकली होती. शामरावची सून उर्मिला तर कडेपासून हातभर अंतरावर, तान्ह्याला कुशीत घेऊन निजली होती.

कांता उठून बसली. त्यानंतर रोजच बसू लागली.

"ग्रंथालयात डुलक्या काढशील," आई म्हणाली.

"काढीन."

काही रात्री कोरड्या गेल्या. मग एका रात्री तुर्भ्यावर वीज लकाकली. पुन्हा लकाकली. पाणी तेलासारखं निश्चल झालं. कांता उभी राहिली, पण घशातून आवाज निघेना. तिने उर्मिलेला हलवून जागं केलं, मग तिच्या पलीकडच्या बाईला. अशी किती माणसं हलवणार? ढग गडगडला, तेव्हा ती पोटातून ओरडली, "उठा! सगळे उठा! मुलं उचला!"

चिरकलेला तो आवाज समोरच्या काठावर आपटून परत आला. माणसं दचकून उठली, मुलं खांद्यावर टाकून खोल्यांकडे चालू लागली. धुळीचा लोट आला, कुणाची तरी चटई उडून पाण्यात पडली. चार टपोरे थेंब आले. आणि ढग ठाण्याकडे सरकला. चांदण्या दिसू लागल्या.

"घ्या!" शामराव दारातून म्हणाला. "दादा गेला, पण जाताना पाऊस लेकीच्या नावावर करून गेला!"

चाळ खोखो हसली. कौसल्येने लेकीचा दंड धरला, "चल आत." कांताने हात सोडवून घेतला, वळकटी खाली ठेवली आणि ती शामरावच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काका, उद्याही मी उठवणार आहे. परवाही. शिव्या द्यायच्या तर द्या, पण उठा."

"बरं बाई, उठू," शामराव अजून हसतच होता.

"आणि आणखी एक." आता तिचा आवाज नेहमीसारखा हळू झाला होता, पण चाळ ऐकत होती. "तुम्ही आबांना हसायचात ना, ते मला कधीच आवडलं नाही. एकदाही नाही."