चार तासांनी हसणारं मशीन

चर्र.

घरात इतकं शांत होतं की तेवढा आवाजही पुरला. सकाळचे पावणेनऊ. भांड्याला भांडं लागू नये म्हणून मी कपसुद्धा फडक्यावर उपडे घालत होते, आणि आतल्या खोलीत वेल्क्रो सुटलं. काढला. मास्क काढला याने.

मी दारात जाऊन उभी राहिले. नवरा पलंगावर बसून टाळ्याला चिकटलेली जीभ सोडवत होता.

"किती वेळ लावलास?"

"झाले की दोन तास."

"पंचेचाळीस मिनिटं."

"माहीत होतं तर विचारतेस कशाला?" असं म्हणून तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि कूस बदलून झोपला. तोंड उघडं.

तो रात्रपाळीला उंच क्रेन चालवतो. जहाजांवरचे कंटेनर उतरवायचे, चढवायचे. सकाळी सातला घरी येतो, आठला आडवा होतो. घोरणं मी लग्नातच पत्करलं होतं, त्याची तक्रार नाही. पण वर्षभरापासून ते घोरणं मधेच थांबायला लागलं. म्हणजे अगदी बंद. छाती हलायची, पण हवा नाही. मी हातातलं काम टाकून मोजायचे: दहा, पंधरा, वीस... आणि मग विहिरीतून डोकं वर काढावं तसा एक मोठा श्वास. तो निवांत झोपलेला, आणि मी घामाघूम.

तपासणी झाली. अंगाला वायरी लावून झोपवलं. तासाला चाळीस वेळा श्वास थांबतो, असं निघालं. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीस दिवस रोज किमान चार तास मास्कमधून नाकात हवा ढकलणारं मशीन लावून झोपायचं. मशीनमधल्या कार्डावर सगळी नोंद होते. नोंद चांगली असेल तर क्रेनवर राहायचं, नसेल तर खाली स्टोअरमध्ये. "तोवर वर जा, पण डुलकी लागतेय असं वाटलं की लगेच खाली उतरा," असंही म्हणाले. डुलकी लागल्याचं डुलकी लागलेल्याला कसं कळायचं, हे कुणी विचारलं नाही.

मशीनची गंमत अशी की चार तास पूर्ण झाले की पडद्यावर हिरवा हसरा चेहरा येतो. नाही झाले तर पिवळा, तोंड वाकडं केलेला. आमच्याकडे पहिला आठवडा पिवळाच. कारण काय, तर तोंड कोरडं पडतं. "खडूची पूड भरल्यासारखं होतं तोंडात," तो म्हणायचा. होणारच. नाकातून हवा आत जाते आणि उघड्या तोंडातून बाहेर पळते. मी दुपारी बारा ते पाच पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. तिथल्या उरलेल्या अस्तराचा आणि इलॅस्टिकचा मी एक पट्टा शिवला, हनुवटीखालून डोक्यावर जाणारा. तो लावून नवरा दाढ दुखणाऱ्या सशासारखा दिसायचा. आमची ठकू, वय वर्षं पाच, हसून हसून जमिनीवर लोळली. तिसऱ्या दिवशी पट्टा नाहीसा.

मशीनला पाण्याची छोटी टाकीसुद्धा आहे, हवा ओलसर करायला. ती लावायला हा तयारच नाही.

"झोपेत पाणी नाकात गेलं तर?"

"वाफ जाते रे. पाणी नाही."

"वाफ म्हणजे पाणीच."

शास्त्रात पस्तीस मार्कांवर सुटलेल्या माणसाशी कोण डोकं लावणार.

आणि दुसऱ्या आठवड्यात अचानक चेहरा हिरवा झाला. मी संध्याकाळी दुकानातून आले की ठकू दारातच सांगायची, "आई, मशीन हसलं." साडेचार तास. पाच तास. मला वाटलं, मी कामावर गेल्यावर हा शहाण्यासारखा पुन्हा मास्क लावतो. इतकी खूश झाले की त्याच्यावर खेकसणंही सोडून दिलं. तो चहा पिताना पेंगतो, डोळ्यांखाली अजून काळं आहे, हे दिसत होतं. पण म्हटलं, गुण यायला वेळ लागत असेल.

तिसाव्या दिवशी दुकानातली वीज गेली. शिलाई मशीन बंद, आम्ही दोन वाजताच घरी. चपला काढून आत आले आणि दारातच थबकले.

बाहेरच्या खोलीत, आरामखुर्चीत, सासरे. म्हणजे आमचे नाना. नाकावर मास्क, हनुवटीला मी शिवलेला पट्टा, कपाळावर सरकवलेला चष्मा, पोटावर वर्तमानपत्र. शेजारी स्टुलावर मशीन, टाकी पाण्याने भरलेली. नाना इतके गाढ झोपले होते की मला क्षणभर मत्सर वाटला. आतल्या खोलीत नवरा, तोंड उघडं टाकून, मशीनबिशीन काही नाही.

ठकू खुर्चीपाशी पहाऱ्याला बसली होती. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू. नाना बाबाची झोप झोपतायत."

मी मशीनचं बटण दाबलं. नाना दचकून जागे झाले.

"थांब, आधी मास्क काढू दे. यात बोललेलं धड कळत नाही."

"नाना, चौतीस वर्षं गणित शिकवलंत. पोरांच्या बुटातून चिठ्ठ्या काढल्यात. आणि आता डमी म्हणून बसलात?"

"तो म्हणाला, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, नाहीतरी दुपारी झोपतोच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू का सूनबाई? झोपून उठल्यावर डोकं हलकं असतं, हे मी विसरलोच होतो. मला वाटायचं, वय झालं की जीभ लाकडाची होते."

"तुमचं तोंड नाही कोरडं पडत?"

"टाकीत पाणी घालतो ना. उकळून गार केलेलं, रेघेपर्यंत. पुस्तिकेत लिहिलंय."

"मुलाला सांगितलंत हे?"

"सांगितलं. म्हणाला, नाकात जाईल."

मी कपाळावर हात मारला. एका घरात श्वास अडकणारी दोन माणसं, मशीन एक, आणि ज्याची परीक्षा होती तो पेपरालाच बसला नव्हता. मी कार्ड काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

संध्याकाळी नवरा पाळीला निघाला तेव्हा त्याला मशीनची रिकामी खाच दिसली.

"दे ना ते कार्ड. सकाळी सुटल्यावर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. परवापासून टाकी, पट्टा, तू म्हणशील ते."

"परवापासून का?"

"खाली बसवतील गं. स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजत. अकरा वर्षं वर काढली मी. वरून कसं दिसतं तुला माहीत नाही."

"आणि तुझा श्वास थांबतो तेव्हा इथून कसं दिसतं, ते तुला माहीत नाही. परवा अठ्ठावीसपर्यंत मोजलं मी. एकोणतिसाला तू श्वास घेतला नसतास तर काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

त्याने बुटाची नाडी एकदा बांधली, सोडली, परत बांधली.

"खरं सांगून फेरपरीक्षा मागता येते," नाना खुर्चीतून म्हणाले. "मी येतो बरोबर."

"नाना, तुम्ही मधे पडू नका."

"मधे तूच पाडलंस."

"कार्ड दे," तो मला म्हणाला, पण या वेळी हात पुढे केला नाही. मीही पर्स उघडली नाही. त्याला खाली आणलं तर तो महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, हे मला दिसत होतं. आणि तरीही त्याच्या कॉलरची दुमडलेली कड सरळ करायला माझा हात गेलाच.

ठकू दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "बाबा, तिकडे वर तुझ्याजवळ कोण असतं?"

"कोणी नाही. एकाच माणसापुरती केबिन असते."

तिने थोडा विचार केला. मग त्याला सोडून माझ्याकडे वळली.

"आई, मग वर बाबाला झोप लागली की त्याला उठवतं कोण?"