नव्या टॅबमधली चित्रं

चंद्रशेखर ओगले दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता, कामांच्या खर्चाचा अंदाज काढायचा. २००९ च्या सुरुवातीला कंपनीचे टॉवर अर्धवट अवस्थेत थांबले आणि एका गुरुवारी मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून हात झाडले, "खलास, हबीबी." नोकरी गेली. चंद्रशेखर शारजाच्या घरी आला, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत नेहमीसारखा वागला, आणि रविवारी सकाळी पेपर उघडून बायकोला, विद्युल्लताला, म्हणाला, "लता, हा कुठल्या भाषेतला पेपर आणलास?"

पेपर नेहमीचाच, इंग्रजी होता.

हॉस्पिटलमध्ये कळलं की मेंदूत लहानशी गुठळी झाली होती. डोळे शाबूत, बोलणं शाबूत, हातपायही. फक्त वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला नाव लिहायला सांगितलं, त्याने मराठीत सुरेख लिहिलं. मग तोच कागद पुढे धरला तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कोणी लिहिलंय हे?"

विद्युल्लता एका भारतीय शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे त्याचा व्हिसा तिच्या नावावर घेता आला आणि घर टिकलं. ती सकाळी शाळेच्या बसने जायची आणि तो फ्लॅटमध्ये एकटा उरायचा. इतकी वर्षं दुबईच्या रस्त्यावरच्या कोंडीत त्याचा दिवस जायचा. आता वेळच वेळ होता आणि समोर लॅपटॉप. वेबसाइटचे पत्ते बोटांना पाठ होते, पण एखादं अक्षर चुकलं की भलतंच पान उघडायचं आणि ते भलतं आहे हेसुद्धा त्याला समजायचं नाही. मग तो लॅपटॉप मिटून बाल्कनीत उभा राहायचा.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या हमीदाला विद्युल्लताने हे एकदा बोलता बोलता सांगितलं.

"मॅडम, अक्षर नहीं पढ़ सकते, तस्वीर तो पहचानते हैं ना?" हमीदा म्हणाली आणि तिने दाखवलं. ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडला की जे पान येतं, ते आपल्याला हवं तसं मांडता येतं. चौकोन करायचे, प्रत्येकात आपल्या आवडीचं चित्र घालायचं. चित्रावर क्लिक केलं की ती साइट.

विद्युल्लताने शुक्रवारी बसून ते जमवलं. गाण्यांच्या साइटला तबला, क्रिकेटला बॅट, हवामानाला ढग. मोठ्या उत्साहाने तिने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

"बालवाडीचा तक्ता आणलास?" त्याने झाकण खाडकन लावलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला लागली. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला.

"तबला नको," तो म्हणाला.

"मग काय हवंय तुम्हाला?"

"तुझा फोटो लाव. खोर फक्कानच्या समुद्रावर गात होतीस ना, तो."

"गात नव्हते हो. ओरडत होते. पायाशी खेकडा होता."

आजारपणानंतर तो पहिल्यांदाच मनापासून हसला. मग दोघं जुने फोटो काढून बसले. क्रिकेटला त्याच्या धाकट्या भावाचा, चेंडू लागून हनुवटीला पट्टी बांधलेला फोटो लागला. हवामानाला त्यांच्याच बाल्कनीतला, वाळूच्या वादळात लाल झालेला. राहिली मराठी वर्तमानपत्राची साइट. "तो चौकोन रिकामाच ठेव," तो म्हणाला. "उघडून काय करू?"

त्यांची मुलगी रुचा पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती शारजात वाढलेली. आईवडील मराठीत बोलले तरी उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि देवनागरी वाचायची ती ठेचकाळत. विद्युल्लताने तिला फोनवर त्या रिकाम्या चौकोनाबद्दल सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिने एक लिंक पाठवली. विद्युल्लताने ती त्या चौकोनात टाकली आणि वर रुचाचा दातांना तारा लावलेला फोटो चिकटवला.

चंद्रशेखरने क्लिक केलं. रुचाचा आवाज आला. ती त्या दिवसाचा मराठी पेपर वाचत होती. "पुणे विद्या... विद्यापीठाचे कूल... कूलगुरू..."

त्याचे खांदे हलायला लागले. विद्युल्लता घाबरून जवळ गेली. तो हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता.

"कूल गुरू! अगं, कुलगुरू!"

त्याने लगेच तिला ईमेल लिहायला घेतली. बोटं भराभर चालली, पण लिहिलेलं त्याला वाचता येईना. "लता, बघ गं, बरोबर आहे का?" तिने वाचलं. एकही चूक नव्हती. शेवटी लिहिलं होतं, 'ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ. उद्याही वाच.'

रुचाने पुढच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच सुनावलं, "बाबा, धिस इज टॉर्चर." आणि मग अग्रलेख वाचला.

ते चालूच राहिलं. परीक्षेच्या दिवसांत ती फक्त मथळे वाचायची, पण वाचायची. हॉस्पिटलमधल्या थेरपिस्टने त्याला अक्षरं बोटाने गिरवायला सांगितली होती. सुरुवातीला तो टाळाटाळ करायचा. आता रुचाचा आवाज ऐकता ऐकता टेबलावर त्याचं बोट फिरायला लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रुचा घरी आली. पहिल्याच दुपारी तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बाबांशेजारी बसून पेपर उघडला. एका मथळ्यापाशी अडली.

"उ... बाबा, व्हॉट इज धिस नॉट, ही गाठ? अक्षरं एकात एक अडकलीत."

चंद्रशेखर पुढे सरकला. त्याने पडद्यावर बोट टेकवलं, अक्षराच्या वळणावरून हळूहळू नेलं. मग पुन्हा नेलं. विद्युल्लता कापलेले आंबे घेऊन आली होती, ती जागच्या जागी थांबली.

"द," तो म्हणाला. "त्याच्या पोटाखाली घ. उद्... उद्घाटना... उद्घाटनापूर्वीच."

"गो ऑन, बाबा."

"शौ... चा... लया... ला." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "कु... लूप."

मग त्याने मथळा सलग म्हटला, "उद्घाटनापूर्वीच शौचालयाला कुलूप," आणि तिघंही असे हसत सुटले की विद्युल्लताला ताटली खाली ठेवावी लागली.

"एवढी मेहनत करून हे वाचलं!" चंद्रशेखर म्हणाला. रुचाने त्याच्या दंडाला मिठी मारली आणि तोंड तिथेच लपवलं. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, पण नजर पडद्यावरच होती.

"पान वर घे जरा," तो म्हणाला. "खाली काय लिहिलंय बघू."