मेणाचा गळा

"गळा नको," क्लारावैनी म्हणाली. "दुसरा काय हाय?"

चंपा माउलीच्या देवळापाशी, म्हणजे आमच्या चर्चपाशी, मेणाच्या वस्तू विकते. ज्याचं जे दुखतं, ते मेणाचं घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. माझ्या भावाची ही बायको दर जत्रेला मुलीसाठी गळा न्यायची. शेरॉन चौथीत गेली तरी बोलत नव्हती, आणि उत्तनमध्ये सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, पोरीचा गळा बांधलाय. २००७च्या जत्रेला मात्र आम्ही आधी डॉक्टरकडे जाऊन आलो होतो.

माझा डॅरेन तसाच होता. पण आम्ही मीरा रोडला. तिथल्या शाळेत बालवर्गाच्या बाईंनी लगेच मला बोलावून घेतलं. नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, दाखवून घ्या. अशी भडकले होते मी! माझ्या पोराला वेडा ठरवतात? तरी गेले. डॉक्टर म्हणाल्या, स्वमग्नता. आता डॅरेन भांडून चॉकलेट मागतो. शेरॉनमध्ये मला तोच दिसायला लागला, म्हणून त्याच डॉक्टरकडे मी मायलेकींना ओढत नेलं.

"एवढा उशीर?" डॉक्टरांनी विचारलं. "शाळेने काहीच सांगितलं नाही?"

"सांगितला ना," वैनी कौतुकाने म्हणाली. "दर वरसाला सांगतान, पोर लय गुनी. मस्ती न्हाय, आवाज न्हाय. शेवटच्या बाकावर गप बसते."

डॉक्टरांनी शेरॉनला तपासलं. मग म्हणाल्या, "गळ्यात काही दोष नाही. शिकेल ती. पण बोलेलच, असं नाही सांगता येत. लहान असताना आणायला हवी होती."

उत्तन ते मीरा रोड अंतर ते काय! माझं डोकं नुसतं तडकलं होतं.

"डोका देऊ?" आता जत्रेत चंपा विचारत होती. "हात हाय, होडी हाय, घर हाय."

"साळा हाय?"

चंपा हसली. "साळा कोन मागते गो!"

वैनी हसली नाही. शाळेच्या जागी तिने घर घेतलं.

देवळात तिने ते माउलीपुढे ठेवलं. शेरॉन फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. बाकावरच्या म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "कवरी गुनी पोर गो! आवाज म्हनून न्हाय."

हे ऐकलं की वैनी एरवी फुलून यायची. आज तिने म्हातारीचा हात पोरीच्या डोक्यावरून हळूच काढला.