ओल्या फडक्याखालची कणीक

मी एक जुना पखवाज आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी खादाड आहे. माझ्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, तिचं काही मागणं नसतं. पण डावं तोंड! वाजवण्याआधी दर वेळी त्याच्यावर मळलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. तो बसला की मी असा घुमतो की ऐकणाऱ्याच्या छातीत दणका बसावा. कणीक नसली की नुसता फटफट वाजतो. आणि कणीक गव्हाचीच लागते बरं का! तांदळाचं पीठ सुकलं की तडकतं आणि गळून पडतं. आमच्या मुळशीत पिकतो भात, म्हणजे माझे लाड किती महागाचे ते बघा.

माझं खोड माले गावातल्या एका फणसाचं. पुण्याच्या कारागिरानं ते आतून कोरलं, तोंडांना चामडं मढवलं, वाद्या ताणल्या आणि मी गावच्या भजनी मंडळात दाखल झालो. मला वाजवायला मिळाला कोंडाजी. तरणाबांड गडी, दिवसभर औत धरणारा, पण थाप अशी मोकळी की टाळकरी मान डोलवत राहायचे. मंडळाची एक रीत होती. ज्याच्या घरी भजन, त्याच्या घरची कणीक. घरची बाई वाटीत गोळा ठेवायची, वर ओलं फडकं झाकायची आणि वाटी पखवाज्याच्या जागेशेजारी मांडायची. कोंडाजी यायचा, फडकं उचलायचा आणि कुणाला न विचारता गोळा घ्यायचा. विचारायचं काय त्यात? त्याच्यासाठीच ठेवलेला असायचा तो.

पुढं कोंडाजीच्या अंगावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली. त्या काळी त्याला महारोग म्हणत आणि हा शब्द ऐकला की सख्खी माणसंही चार हात लांब सरत. मिशनच्या एका दवाखान्यात तो काही वर्षं राहिला आणि चांगला ठणठणीत बरा झाला. आता याच्यापासून कुणाला काही व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन बोटं तेवढी वाकडी आणि बधिर राहिली. पण गावाच्या मनातली भीती कुठल्या गोळीनं जाणार? भावानं त्याला भातखाचराच्या कडेला खोपटं बांधून दिलं. जेवणाचं ताट तो बांधावर ठेवायचा आणि लांबूनच हाळी द्यायचा.

मीही तोवर खुंटीवर धूळ खात होतो. उंदरांनी माझी एक वादी कुरतडली होती. एके दिवशी गेणबा टाळकऱ्यानं मला फडक्यात धरून त्या बांधावर आणून ठेवलं. म्हणाला, "कोंडाजी, तुजा तूच ठेव गड्या. आता ह्यो कुनी वाजवत न्हाई." गेणबा वाईट माणूस नव्हता हो. जाताना डोळे पुसत होता. पण भ्याला तोही.

कोंडाजीनं माझी वादी सांधली. मला मांडीवर घेऊन बसायचा, वाजवायचा मात्र नाही. "माजा आता कुनाला उपेग हाय रं?" असं मलाच विचारायचा. त्यानं थाप मारल्याशिवाय मी तरी काय बोलणार! मला फार वाईट वाटायचं.

दवाखान्यात रोज सकाळी उपासना व्हायची. तिथली गाणी कोंडाजीच्या कानात राहिली होती. पौडला शांतवन मास्तर नावाचे ख्रिस्ती शिक्षक आपल्या पडवीत दर रविवारी उपासना चालवतात, हे त्याला बाजाराच्या वाटेवर कळलं. एका रविवारी पहाटे उठून त्यानं मला खांद्याला अडकवलं आणि चालू लागला. वाटेत म्हणाला, "हितनं बी परत फिरावं लागलं, तर तुला चुलीत घालतो अन् मी बी गप पडून ऱ्हातो. मग न्हाई कुटं जायाचं." झालं! म्हणजे त्याच्याबरोबर माझाही जीव टांगणीला लागला.

शांतवन मास्तरांनी दारातच हात जोडले. "या, या! पखवाज आणलाय? देव पावला! आमचं गाणं नुसत्या टाळ्यांवर चाललंय. बसा त्या खिडकीपाशी, मी मंडळींना बोलावतो." मास्तर गेले. कोंडाजीनं आपल्या कनवटीची पुरचुंडी सोडली. तीत तांदळाच्या पिठाचा गोळा होता, तोही वाटेत चिरफळलेला. मी नाक मुरडणार, इतक्यात कोंडाजीचा हात थांबला. खिडकीत पितळेची वाटी होती. वाटीवर ओलं फडकं.

त्यानं हळूच फडकं उचललं. आत गव्हाची कणीक! मऊ, ताजी, हातभर लांबून वास येणारी. "माज्यासाठी ठिवलीया," तो पुटपुटला. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्यासाठी काही मांडून ठेवलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं तो गोळा माझ्या डाव्या तोंडावर थापला.

मग काय विचारता! माणसं जमली, गाणं सुरू झालं आणि मी घुमलो. वाकडी बोटं असली तरी कोंडाजीचा तळवा शाबूत होता. पडवीत बसलेली पोरं ताल धरून डुलायला लागली. मास्तर तर इतके खूश झाले की त्यांनी शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

पण मित्रांनो, त्या रविवारी प्रभुभोजन होतं. येशूनं आपल्या शिष्यांबरोबर शेवटचं जेवताना भाकर मोडून दिली, त्याची आठवण म्हणून मंडळी एकाच पोळीचा तुकडा तुकडा वाटून घेतात. ती पोळी करायचं काम धोंडाबाईचं. म्हातारी, एकटी, जिभेनं तिखट बाई. रेशनचा ओंजळभर गहू ती यासाठी राखून ठेवायची. मांजराच्या भीतीनं तिनं कणीक खिडकीत ठेवली होती आणि गाणं संपताच ती पोळी भाजायला उठली.

"अगं बया! माजी कणीक कुनी नेली?"

सगळ्यांचे डोळे फिरत फिरत माझ्यावर आले. मी लपणार कुठं? पुरावा माझ्याच तोंडाला थापलेला!

"मावशी, मला वाटलं माज्यासाठीच ठिवलीया," कोंडाजी चाचरत म्हणाला. "आमच्या भजनात तशी रीत हाय." आणि तो घाईघाईनं गोळा खरवडायला लागला. तेव्हा धोंडाबाईची नजर त्याच्या बोटांवर गेली.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! त्या हातानं आता..." ती एक पाऊल मागं सरली. पुढचं ती बोलली नाही, पण पडवीत सगळ्यांना कळलं. पुढं बसलेल्या चंद्राबाईनं आपलं पोर जवळ ओढलं.

कोंडाजी रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं मला. "चुकलं माजं," एवढंच म्हणाला. "देवाच्या घासाला हात लावला." आणि मला खांद्याला अडकवून दाराकडं निघाला. संपलं, म्हटलं. आता चूल.

"कोंडाजी, एक गोष्ट ऐका आणि मग खुशाल जा," मास्तर म्हणाले. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं खरं, पण सांगितलं तोंडानंच. "असाच आजार असलेला एक माणूस येशूच्या पाया पडला. तुझ्या मनात असेल तर मला बरं करशील, म्हणाला. येशूनं नुसता लांबून शब्द टाकला असता तरी तो बरा झाला असता. लांबून बोलायला काय जातं? पण येशूनं आधी हात पुढं केला आणि त्याला शिवला. बरा व्हायच्या आधी शिवला!" मास्तरांनी मंडळींकडं पाहिलं. "आणि आपल्या दारात आलेला हा माणूस तर बरा होऊन आलाय."

धोंडाबाईला ही गोष्ट तोंडपाठ होती. ती तरातरा आत गेली. डब्यांचा खडखडाट ऐकू आला. बाहेर आली ती परातीत तांदळाचं पीठ आणि पातेल्यात पाणी घेऊन. कोंडाजीच्या पुढ्यात तिनं परात आदळली.

"गहू सपला. भाकर करू. मळ."

"मी?"

"मग काय माजा बाप? पखवाजाला मळतोस न्हवं? मग देवाला बी मळ!"

कोंडाजी खाली बसला. त्यानं पातेल्याकडं हात नेला आणि ती ओरडली, "थांब!" पुन्हा सगळ्यांचा जीव दचकला. "आधन हाय त्ये, उकळतं पानी. तुला चटका कळायचा न्हाई, हात सोलून निघंल." तिनं पाण्यात आपलं बोट बुडवलं, हाय हाय करत बाहेर काढलं, गार पाणी ओतलं, परत बोट घालून पाहिलं. "हां. आता घाल." मग दोघांचे हात त्या एका परातीत फिरायला लागले. एकदा तिची बोटं त्याच्या वाकड्या बोटांना लागली. तिनं हात काढून घेतला नाही. कोंडाजी हमसून हमसून रडायला लागला.

"रडतुयास काय? भाकर खारट हुईल!" धोंडाबाई म्हणाली आणि सगळी पडवी हसली. ती स्वतःही पदरानं नाक पुसत होती.

भाकर भाजली, मास्तरांनी प्रार्थना करून मोडली. कोंडाजीचा बाप्तिस्मा अजून झाला नव्हता, म्हणून रीतीप्रमाणे त्याला त्या दिवशी तुकडा मिळाला नाही. पण तो डोळे न मिटता बघत बसला. पहिला तुकडा धोंडाबाईनं घेतला आणि खाल्ला. मग चंद्राबाईनं. मग एकेकानं. ज्याच्या हातचं पाणीही कुणी घेत नव्हतं, त्याच्या हातची भाकर माणसं देवाच्या नावानं खात होती! मित्रांनो, मी लाकूड आणि चामडं आहे, पण माझाही ऊर भरून आला.

थंडीत मुळा नदीवर कोंडाजीचा बाप्तिस्मा झाला. मग पौडच्या उपासनेत ताल त्याचा आणि प्रभुभोजनाची पोळीही त्याचीच. सवड मिळाली की तो दवाखान्यात जाऊन नव्या रोग्यांच्या खाटेवर बसायचा, शास्त्रातल्या गोष्टी सांगायचा, मला वाजवून दाखवायचा. माझा कुणाला उपयोग, हे त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही. विचारायला वेळ कुठं होता त्याला?

आता तो प्रभूकडं गेला. मी त्याच पडवीत आहे, सुखात आहे. तुमच्या घरी एखादं वाद्य खुंटीवर पडून असेल, तर त्याची धूळ झटका, वाद्या ताणा, त्याला वाजतं ठेवा. आणि तुमच्या दारात कुणी बिचकत उभं राहिलं, तर लांबून बरं बोलून त्याची बोळवण करू नका. त्याला आत घ्या आणि त्याच्या हाताला काम द्या. मग त्या हातानं जे होईल, ते आधी तुम्ही खा.