शह खाल्लेल्या राजाची उडी

"साहेब, तुम्ही माझा डाव चोरला. सगळ्यांदेखत चोरला," दिपमाला म्हणाली.

जळगावच्या त्या हॉलात साठेक माणसं होती. सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळे केळीचे वेफर्स चघळत राहिले. साहेब म्हणजे बुद्धिबळ स्पर्धेचे मुख्य पंच. छातीवर पंजाएवढा बिल्ला. खेळात नीतिमत्ता हवी म्हणून सकाळीच यांनी पाऊण तास भाषण ठोकलं होतं.

दिपमाला चाळीसगावात बियाण्यांच्या दुकानात कामाला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाहेरच्या बाकावर येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या हिलालआबांशी डाव मांडायची. एकच मात शिकायला तिचा आख्खा उन्हाळा गेला. समोरचा राजा कोपऱ्यात, अंगाला त्याचीच प्यादी. घोड्याच्या जोरावर आपला वजीर थेट राजाशेजारी नेऊन ठेवायचा. राजाला तो मारता येत नाही, त्याच्या हत्तीला मारावाच लागतो. मग हत्तीही तिथंच अडकतो, आणि घोडा येऊन मात देतो. राजा आपल्याच माणसांत घुसमटून मरतो. कळायला सोपं, पण वजीर सोडायची वेळ आली की ही तो मागं घ्यायची. आबा वैतागायचे.

"वजीरले कवटाळीसन कितला दिन बठशी?"

आज तिनं वजीर मागं घेतला नाही. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरलेली, आणि समोर ललित, साहेबांच्या साडूचा मुलगा. वजीर गेला, घोडा आला, मात. ललित बिचारा सरळ; हात मिळवायला उठलासुद्धा. साहेबांनी खांदा दाबून त्याला खाली बसवलं. म्हणे आपल्याकडचा जुना रिवाज आहे, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. भिंतीवर चिकटवलेल्या नियमांत या रिवाजाची एक ओळ नव्हती. तरी साहेबांनी स्वतःच्या दोन बोटांनी राजा उचलून कोंडीबाहेर ठेवला. दिपमालानं हरकत घेतली, तर डाव संपल्यावर बोला म्हणाले. वजीर गेलेला, डाव हरायला कितीसा वेळ लागणार?

दुकानात पाकिटं मोजणारी बाई, हिला कुठला रिवाज ठाऊक असणार, असा साहेबांचा हिशेब. हिलालआबांचा सगळा जन्म त्याच रिवाजानं खेळण्यात गेलाय, हे त्यांना कोण सांगणार!

तिनं चालींचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो न बघताच बाजूला सारला.

"ताई, हार पचवायला शिका."

"कागद बघा. एकोणिसाव्या चालीपासून लागोपाठ चार शह बसलेत, मग मात झालीय. जुन्या रिवाजात पहिला शह बसला की राजाची उडी संपते. शेंबड्या पोराला माहीत आहे ते." तिनं कागद पुन्हा त्यांच्यासमोर सरकवला. "चार शह खाल्लेला राजा कोणत्या रिवाजानं उडाला, साहेब? बिल्ला मागून सांभाळा. आधी हे सांगा."