पाणी मागं जाईल का

दोघं भाऊ कमरेइतक्या चिखलात उभे राहून भांडत होते आणि भांडता भांडता बांधही बुजवत होते. थोरला पाटी ओतायचा नि बोलायचा, धाकटा फावड्यानं चिखल चोपायचा नि उत्तर द्यायचा. हात मात्र कुणाचेच थांबत नव्हते. भरती लागायला फार वेळ उरला नव्हता.

"दर उधाणाला आपण इथं," धाकटा म्हणाला. "दादा, ही जमीन गेली समज."

"गेली म्हणजे? पायाखाली आहे की."

"चार वर्षांत सगळं गाव पाण्याखाली जाणार. मी बघितलंय फोनवर. नकाशा काढून दाखवलाय."

"मीही बघितलंय. पुढच्या सालापासून समुद्र मागं हटणार. पांढऱ्या दाढीचा, शिकलेला माणूस आहे. पाण्याचं चक्र असतं म्हणतो. चढतं तसं उतरतं."

बांधावर बसून त्यांची म्हातारी आई रिकाम्या पाट्या खाली सरकवत होती. ती म्हणाली, "फोन एकाच दुकानातून आणलेत ना रे? मग एकाचा समुद्र चढतो नि दुसऱ्याचा उतरतो, ते कसं काय?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आमची सगळ्यांची खाचरं खाडीच्या काठाला, भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. मधे हा मातीचा बांध, तो सगळ्या वाडीचा. ज्याचं खाचर त्यानं आपल्यापुढचा तुकडा राखायचा, आणि उधाणाची भरती आली की सगळ्यांनी मिळून धावायचं. पूर्वी एखाद्या साली बांध फुटायचा. आता दर साली फुटत होता, आणि आत शिरलेलं खारं पाणी ओसरलं तरी खार काही ओसरत नव्हता. भाताची रोपं पिवळी पडून बसत.

ह्या दोघा भावांचा वर टेकाडावर माळ होता. नुसता कातळ नि मुरूम. दगड फोडून, माती अडवायला उतारावर दगडांच्या ताली घालून, खालची माती डोक्यावर वाहून नेली तर त्याचं शेत होईल, पण त्याला वर्षं लागणार. घरात राबणारे हात मोजके. बांध राखायचा तर माळ होत नाही, माळ करायचा तर बांध राहत नाही. समुद्र मागं जाणार असेल तर माळ फोडणं शुद्ध वेडेपणा, आणि जाणार नसेल तर हा चिखल उपसणं.

भांडण खरं ह्याच्यावरून होतं. ते मिटवलं थोरल्याच्या बायकोनं. तिला सगळी वाडी वहिनीच म्हणते, म्हातारेसुद्धा. ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "दोघांनी फोन ठेवा बाजूला. समुद्र आहे, कुणीतरी मोजत असेल की. मी विचारून येते."

"कुणाला विचारणार?" थोरल्यानं विचारलं.

"मोजणारा सापडेपर्यंत विचारत जायचं."

आधी ती मास्तरांकडे गेली. मास्तर सज्जन माणूस. त्यांनी पुस्तक उघडून धडा दाखवला. जग तापतंय, बर्फ वितळतंय, समुद्र चढतोय, सगळं अर्ध्या पानात. "पण आपल्या खाडीचं काय मास्तर?" तर म्हणाले, "वहिनी, खोटं कशाला बोलू. जगाचं पुस्तकात आहे, आपल्या खाडीचं नाही."

मग खतवाला. त्यानं ऐकून पण घेतलं नाही. "खारावरची पावडर आलीय नवीन. दोन हंगाम मारा, जमीन गोड." समुद्राचं काय, विचारल्यावर म्हणाला, "समुद्राचं कशाला टेन्शन घेता, पावडर आहे ना."

शेतीच्या ऑफिसात एका साहेबांनी आठवड्याचा पाऊस सांगितला. वहिनी म्हणाली, "आठवड्याचं मला आभाळाकडे बघून पण कळतं साहेब. मला माझ्या नातवंडांचं सांगा." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग तुम्ही बंदरावर जा. धक्क्याच्या टोकाला एक खोली आहे. तिथं भरती मोजतात."

थोरला बरोबर गेला तो काही विश्वास ठेवून नव्हे. त्याला पंपाचा वॉशर आणायचा होता. निदान सांगताना तरी तसं सांगितलं.

खोली लहान, दगडी. मधोमध जमिनीतून वर आलेला जाड पाईप, थेट समुद्रात उतरलेला. आत तरंगणारा डबा, त्याला तार, तारेला जोडलेलं यंत्र. बाहेर लाटा आपटत होत्या आणि पाईपात पाणी शांत, श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. तिथल्या मोजणीच्या बाई पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडत होत्या. हात पुसत आत आल्या.

वहिनीनं सगळं सांगितलं. बाईंनी भिंतीवरचा लांबलचक कागद दाखवला. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या माणसांनी मोजायला सुरुवात केली होती म्हणे, तेव्हापासूनची रेघ. करवतीच्या दातांसारखी, वर खाली, वर खाली.

थोरला जवळ जाऊन बघू लागला. एका जागी बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, इथं उतरलंय की. तो दाढीवाला म्हणतो तेच. चक्र आहे."

"उतरलंय," बाई म्हणाल्या. "काही वर्षं उतरतं. आता जरा दारापर्यंत मागं या आणि सगळी रेघ एकदम बघा."

तो मागं सरकला. दाराला पाठ टेकली. रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेली.

"तिरपी आहे," तो म्हणाला.

"हो. आणि अलीकडे जास्त तिरपी."

"पण तो माणूस इतकं ठामपणे सांगतो."

"त्यांनी कुठं मोजलं, ते सांगतात का?"

थोरल्यानं आठवून बघितलं. "नाही. ते गाडीत बसून बोलतात."

वहिनीनं मधेच विचारलं, "बाई, राग मानू नका. तुमचं तरी खरं कशावरून?"

बाईंना राग आला नाही. उलट त्यांनी स्टूल ओढून तिला बसायला दिलं. "हेच विचारायला पाहिजे. माझ्या एकटीच्या शब्दावर जाऊ नका. जगभरच्या बंदरांवर अशा खोल्या आहेत. तिथल्या माणसांची नि माझी ओळख नाही. आकाशातून उपग्रहानं मोजणारे वेगळेच. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त, पण रेघ सगळ्यांची वरच जाते. आणि हे आकडे कुणालाही तपासता येतात, मी लपवून ठेवत नाही. चुकले तर माझी चूक काढायला माणसं टपलेली असतात."

"मग चार वर्षांत गाव बुडणार, ते खरं?"

"नाही. तेही खोटंच. चार वर्षांत गाव बुडणार नाही. उधाणं जास्त वेळा आत येतील, जास्त आत येतील. हळूहळू. हळूहळू होतं म्हणूनच तर भांडणं होतात."

"आमचा बांध किती वर्षं टिकेल?"

"ते मला माहीत नाही. तुमच्याकडची जमीन खचतेय का, बांध कसा आहे, हे मी मोजलेलं नाही. अंदाज सांगितला तर तो माझा खोटेपणा होईल."

मग थोरल्यानं विचारलं. एवढा दांडगा माणूस, पण आवाज लहान पोरासारखा आला. "बाई, एवढंच सांगा. पाणी मागं जाईल का?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं नाही की खाली बघितलं नाही. त्याच्याकडेच बघून म्हणाल्या, "तुमच्या हयातीत नाही. नातवंडांच्याही नाही."

दोघांनी परतीची गाडी धरली. वॉशर आणायचा राहूनच गेला. घराजवळच्या वळणावर उतरल्यावर थोरला रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "मला वाटत होतं, ही बाई तरी काहीतरी थाप मारेल. मी लगेच मानली असती." मग म्हणाला, "बांध घातला तो बाप माझा वेडा होता का गं?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "त्यांच्या वेळच्या पाण्याला तो पुरून उरला."

पुढं त्यांनी वाडीला बोलावून सगळं सांगितलं. लपवून गुपचूप माळ फोडता आला असता, पण वहिनी म्हणाली, ऐकलंय ते सगळ्यांचं आहे. लोक ऐकून घेत होते, पण कपाळावर आठ्या चढत चालल्या होत्या. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या लाकडी दाराच्या फळ्या बसवणारा आमचा सुतार उठला आणि म्हणाला, "बांधावरून हात काढून घ्यायचेत म्हणा ना सरळ. त्याला समुद्र कशाला मधे आणता? तुम्ही गेलात की तुमच्या तुकड्याचा भार आमच्या बोकांडी."

"उधाणाला आम्ही येऊ," थोरला म्हणाला. "एकही उधाण चुकवणार नाही. बाकीचे दिवस माळावर."

"बाई भेटली नि ह्यांना समुद्र कळला," मागून कुणीतरी बोललं, आणि लोक हसत हसत घरी गेले.

माळाचं काय सांगू. दगड फोडायचा, तर आणखी मोठा दगड निघायचा. दोघांच्या हातांची सालटी निघाली. पहिली ताल घातली, वहिनीनं आणि म्हातारीनं पाटीपाटीनं माती वर नेली, बी टाकलं, आणि एका वळवाच्या सरीनं माती बियांसकट खाली वाहून नेली. त्या दिवशी धाकटा तालीच्या भगदाडापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, माझ्यानं नाही होणार." तो शहरात गाडी चालवायला निघून गेला. थोरल्यानं अडवलं नाही. मागं राहिले तिघं, त्यातली एक म्हातारी.

घरात एकवेळच चूल पेटायला लागली. उधाणाला मात्र तो यायचाच. दिवसभर कातळ फोडलेल्या हातांनी आमच्याबरोबर चिखल उपसायचा. कुणी टोमणा मारला तर उत्तर द्यायचा नाही. मला त्याच्याकडे बघवत नसे. पाणी मागं जाणार नाही हे पक्कं ठाऊक असलेला आम्हा गड्यांत तो एकटा, आणि सगळ्यात जड पाटी त्याचीच.

दुसरी ताल टिकली. तिच्यावर गुडघाभर नाचणी आली, कणसं बोटाएवढी. पोटाला पुरतील इतकी नव्हेत.

त्याच साली सुताराचं खाचर पांढरं पडलं. भर पावसानंतरही मातीवर मिठाचा पापुद्रा. एके दुपारी तो टेकाड चढून आला. तो आमच्या उधाणाला येतो म्हणून तोवर आम्हीही दोनचार जण तिथं दगड लावू लागलो होतो, म्हणून मी हे बघितलंय. तो उभा राहिला, तालीचा एक दगड उगाच हलवून बघितला, म्हणाला, "पक्का बसलाय." मग नाचणीकडे बघत म्हणाला, "वहिनी, त्या मोजणीच्या बाई अजून बसतात का तिथं?"

"बसतात की."

"माझ्यासारख्याला सांगतील?"

"आम्हाला सांगितलं."

"मला जरा माझ्या कानांनी ऐकायचंय," सुतार म्हणाला. "तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे."

"तेच बरं," वहिनी म्हणाली. तिनं त्याला गाडी कुठून मिळते, धक्क्यावर कुठं वळायचं, सगळं सांगितलं. तो मान हलवत उतरायला लागला.

थोरला इतका वेळ कातळात पहार मारत होता. त्यानं पहार तिथंच उभी ठेवली, डोक्याचा पंचा सोडून हात पुसले आणि हाक मारली, "थांब जरा. मी येतो."

"तू कशाला? तू ऐकलंयस की."

"ते ऐकून परत येताना सोबत लागते," थोरला म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ टेकाड उतरू लागला.