चढावर जड जाते

"सायकलीत काही नाही," सायकलवाले काका म्हणाले. या महिन्यातलं हे त्यांचं तिसरं निदान. तिन्ही वेळा शब्द तेच होते.

मोठ्या सिस्टरांना ते पटलं नाही. तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला 'काही नाही' या शब्दांची किंमत ठाऊक असते. त्या स्वतः रोज दहा जणांना तेच सांगत, आणि त्यातल्या किमान चौघांना काहीतरी असे.

"पुलाच्या चढावर जड जाते हो," त्या म्हणाल्या. "सपाटीला ठीक. चढ लागला, की कुणीतरी मागून कॅरिअर धरून ठेवल्यासारखं होतं."

काकांनी सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली आणि पायडलला एक झटका दिला. मागचं चाक फिरू लागलं. काकांनी चष्मा पुसला. दुसऱ्या कुणाची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले. खडूने खूण केली. चाक फिरतच होतं.

"बघा. तुम्ही उद्या ड्यूटीवर जाईस्तोवर थांबायचं नाही हे. चेन नवी घातली, छर्रे बदलले, ग्रीस दिलं. आता बदलायची एकच गोष्ट राहिलीय."

"कोणती?"

"वर बसणारं माणूस!" काका स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले.

सिस्टरही हसल्या. मात्र चाक थांबायची वाट न पाहता त्यांनी सायकल सरळ केली आणि घरी गेल्या.

घरी यजमान होते. ते बस डेपोत टाइमकीपर होते. म्हणजे निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्या हातापर्यंत पोचली नव्हती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत ते दोन वेळा लिहीत: बायको घरून सुटली ती, आणि इस्पितळात पोचली ती. पोचल्यावर सिस्टरांनी सायकल स्टँडवरून एक मिस्ड कॉल द्यायचा, त्यांनी उचलायचा नाही, असा करार होता. करार झाला तेव्हापासून सतरा मिनिटं लागत होती. पाऊस असो, ऊन असो, सतरा. यजमानांना या आकड्याचा इतका अभिमान होता, की पायडल तेच मारत असावेत असं ऐकणाऱ्याला वाटे.

गेल्या दोन महिन्यांत सतराचे एकोणीस झाले, मग बावीस, आणि त्या दिवशी एकोणतीस.

"एकोणतीस!" दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हातात देताना यजमान म्हणाले. "एवढ्या वेळात आमची गाडी घाट चढायची. त्यात प्रवाशांच्या दोन उलट्या धरून. वाटेत गप्पा मारत बसतेस का गं कुणाशी?"

"हो तर. पुलावर माझा एक मित्र उभा असतो."

"मग त्याला म्हणावं, आटप लवकर."

"तो लवकरच आटपेल असं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या आणि सायकलचा घोडा पायाने मागे सारला. यजमान कॅलेंडरकडे वळले. सात-वीस.

मित्र खरंच होता. पुलाच्या चढावर दिव्याचे पाच खांब आहेत. दोन महिन्यांपूर्वी तो पाचव्या खांबाशी, अगदी माथ्यावर भेटला. छातीवर कुणी तळहात टेकवावा तसं झालं, आणि डाव्या जबड्यात कळ आली. सिस्टरांनी दोष दाढेला दिला. दाताच्या डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली, फोटो काढला आणि दाढ ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण मोठ्या सिस्टरांपुढे त्यांचं काय चालणार? दाढ काढली गेली. निरपराध दाढ. त्याच आठवड्यात मित्र चौथ्या खांबापाशी उतरला. मग तिसऱ्या. नवी चेन घातल्यावर दुसऱ्या.

हीच गोष्ट एखाद्या पेशंटने सांगितली असती, तर सिस्टरांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नसतं. खुर्चीत बसवून डॉक्टरांना हाक मारली असती. आपल्याला काय होतंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ते एकदा मोजलं की लिहावं लागणार होतं, आणि लिहिलं की सहा नंबर.

सहा नंबर म्हणजे त्यांच्याच वॉर्डातली, ड्यूटीच्या टेबलाला लागून असलेली खाट. ज्याच्यावर डोळा ठेवायचा त्याला तिथे आणत. "इथे वारा चांगला लागतो," असं सिस्टर त्याला सांगत. नातेवाइकांना बरं वाटे. तिथून आपल्या पायांनी घरी गेलेली माणसं सिस्टरांना आठवत होती. तीस वर्षांतली दोन.

आज पूल आला. चढ सुरू झाला. सिस्टरांनी दात आवळले, होते तेवढे. पहिला खांब अजून चार हात पुढे होता, आणि मित्र आला.

त्या खाली उतरल्या. सायकलीला धरून चालू लागल्या. म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटलं असतं, खरं तर सायकल त्यांना धरून चालत होती. एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन सायकलवरून त्यांना मागे टाकून गेला. शिडीसकट. प्रत्येक खांबाशी त्या थांबत, चेनकडे वाकून पाहिल्यासारखं करत आणि घाम पुसत. पहाटेचा गारवा अजून गेला नव्हता.

काल दुसरा खांब. आज पहिला. पहिल्या खांबाच्या अलीकडे सपाट रस्ता होता, आणि त्यानंतर घर.

स्टँडवरून त्यांनी मिस्ड कॉल दिला. यजमानांनी करार मोडून तो उचलला.

"अडतीस मिनिटं! पंक्चर झाली का गं?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "पंक्चर."

वॉर्डात त्या दिवशी फॉर्मची गडबड होती. कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची वर्षातून एकदा तपासणी होते आणि तिचे फॉर्म दुपारी बाराच्या आत कार्यालयात द्यायचे असतात. तपासणीची वॉर्डात एक पद्धत ठरून गेली होती. चहाच्या वेळी सगळ्यांचे फॉर्म मोठ्या सिस्टरांपुढे ठेवायचे, कारण त्यांचं अक्षर चांगलं, आणि त्यांनी प्रत्येकावर नाडी बहात्तर, बीपी एकशेवीस-ऐंशी असं लिहायचं. याला कुणी खोटं म्हणत नसे. पेशंटचा वेळ वाचवणं म्हणत. अकरा वर्षांत त्या वॉर्डातल्या कुणाचंही बीपी एका अंकाने हललं नव्हतं. लग्नं झाली, बाळंतपणं झाली, सासवा येऊन राहिल्या. एक जण तर वारली. तिच्याही शेवटच्या फॉर्मवर एकशेवीस-ऐंशीच होतं, आणि अक्षर सुंदर होतं.

यंदा मात्र बदलीवाली आली होती. चाळिशीची ही सिस्टर महिन्यापूर्वी दुसऱ्या इस्पितळातून बदलून आली, आणि अजून तिला इथलं काही कळत नव्हतं. ती बीपीचं मशीन घेऊन टेबलापाशी उभी राहिली.

"चला, बाह्या वर करा."

"कशाला?" एकीने विचारलं.

"बीपी घ्यायला."

सगळ्या हसल्या. हसणं ओसरलं तरी बदलीवाली उभीच.

"अगं बाई, लिहून झालंय सगळं," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या. "मोठ्या सिस्टरांनी केव्हाच पास केलंय आम्हाला."

"मग बघू तरी, खरंच पास आहात का."

थट्टेवारीतच एकेकीने हात पुढे केला. मावशींचं एकशेवीस-ऐंशी निघालं. याचं सर्वांत जास्त आश्चर्य मावशींनाच वाटलं. बाकीच्यांचं कमीजास्त, काळजी करण्यासारखं काही नाही. शेवटी बदलीवाली मोठ्या सिस्टरांकडे वळली. एव्हाना सिस्टरांनी स्वतःचाही फॉर्म भरून ठेवला होता.

"तुमचं राहिलं."

"माझं लिहिलंय."

"दिसतंय. अक्षर छान आहे."

हिला जागच्या जागी गप्प करणं सिस्टरांना अवघड नव्हतं. त्यांनी याहून मोठ्या माणसांना गप्प केलं होतं. पण पहिल्या खांबाच्या अलीकडचा सपाट रस्ता त्यांना दिसत होता. मग त्यांनी डावी बाही हळूहळू, नीट घड्या घालत वर केली.

"बघ बाई."

बदलीवालीने पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळी लावून ऐकलं. हवा सोडली. पुन्हा भरली. पुन्हा सोडली.

"हे मशीन बिघडलंय वाटतं. दुसरं आणते."

दुसरं आलं. पट्टा, हवा, नळी. बदलीवालीची नजर मशीनवरून हलेना. मावशी चहाचा कप हातात धरून थांबल्या होत्या.

"याचंही काहीतरी झालंय. वरच्या मजल्यावरून मागवते, त्यांचं नवं आहे."

"राहू दे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मशीनमध्ये काही नाही."

त्यांनी आपला फॉर्म पुढे ओढला, एकशेवीस-ऐंशीवर सरळ रेघ मारली आणि पेन धरून थांबल्या.

"सांग. किती?"

"एकशे अठ्ठ्याण्णव," बदलीवाली म्हणाली. "खालचं एकशेबारा. नाडीही सरळ नाही, सिस्टर. जरा टेकता का तुम्ही?"

"जरा थांब, लिहू दे." त्यांनी लिहिलं. आकडे नेहमीसारखेच गोल आणि सुबक आले.

मग पळापळ झाली, पण सिस्टरांच्या वॉर्डात होते तशी, आवाज न करता. ईसीजीची पट्टी निघाली. तरुण डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाहिली, मग टेबलावर पसरून पाहिली. गेली दोन वर्षं ते "सिस्टर, सिस्टर" करत त्यांच्या मागे फिरत असत. आता ते खाली वाकून मऊ आवाजात म्हणाले, "घरून कुणाला बोलवायचं का?"

हे वाक्य आणि हा आवाज, दोन्ही सिस्टरांनीच त्यांना शिकवलं होतं. चांगलं शिकले होते.

"कुठली खाट रिकामी आहे?" डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्या दुसरीकडे बघत होत्या.

बदलीवालीने नवी चादर काढली आणि सहा नंबरवर पसरली. मोठ्या सिस्टर खुर्चीतून बघत होत्या.

"पायाकडचा कोपरा नीट दाब," त्या म्हणाल्या.

तिने दाबला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "इथे वारा चांगला लागतो, सिस्टर."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मीच सांगते सगळ्यांना."

यजमान बसने आले. पिशवीत टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि पाण्याची बाटली होती. फिरतीवरच्या साहेबासमोर बसावं तसे हात मांडीवर ठेवून ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

"पंक्चर म्हणालीस," ते म्हणाले.

"हो."

"काही बोलली नाहीस ती."

"बोलले असते, तर तुम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवलं असतं."

यजमानांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. भेटीची वेळ संपल्याचं बदलीवालीने डोळ्यांनीच सुचवलं, तेव्हा सिस्टरांनी उशाखालून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"सायकल घेऊन जा. स्टँडवर राहिली तर कुणी उचलून नेईल. आणि पुलावर जपून. चढावर जड जाते."

संध्याकाळचा उजेड अजून होता. यजमान सायकलवर बसले. सीट त्यांना खाली होत होती. गुडघे दोन्ही बाजूंना फाकून ते निघाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी सायकलीला हात लावला नव्हता. पूल दिसू लागला तसा त्यांनी श्वास भरून घेतला, ओठ आवळले आणि चढाच्या आधीच जोर लावायला सुरुवात केली.

सायकल सुरेख चालत होती. चेनचा आवाज नव्हता, कुठे ओढ नव्हती. पायडलवर नुसता पाय टेकवावा आणि तिने पुढे जावं. जड भाग पुढे येईल म्हणून ते वाट बघत राहिले. एक खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. बासष्ट वर्षांचा, पाठीत उसण भरणारा माणूस मागून कुणी ढकलल्यासारखा चढ चढून माथ्यावर आला.

तिथे ते खाली उतरले. पुढे सगळा उतार होता, पण ते पुन्हा बसले नाहीत. हँडलला धरून, सायकलीच्या बाजूने चालत घरी आले.

अंगणात त्यांनी सायकल स्टँडवर उभी केली. दारातून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दिसत होतं. ते आत गेले नाहीत. वाकून त्यांनी पायडलला एक झटका दिला, आणि मागचं चाक फिरू लागलं. ते थांबेपर्यंत यजमान तिथेच उभे राहिले. बराच वेळ लागला. घड्याळ मनगटावर होतं. त्यांनी ते पाहिलं नाही.